इंदूरच्या मराठी मंडळांना खुले पत्र: विंध्याची कड आणि रात्रीचे आकाश आपल्या कार्यक्रमपत्रिकेत यावे

प्रति,
माननीय अध्यक्ष, सचिव व कार्यकारिणी सदस्य,
इंदूर शहरातील सर्व मराठी मंडळे व सांस्कृतिक संस्था

विषय: पावसाळी पदभ्रमण आणि प्राथमिक आकाशदर्शन हे उपक्रम मंडळांनी नियमितपणे हाती घेण्याविषयी

सप्रेम नमस्कार.

आपल्या मंडळांच्या वर्षभराच्या कार्यक्रमपत्रिका एकत्र ठेवून पाहिल्या, तर गणेशोत्सव, नाट्यप्रयोग, दिवाळी पहाट, हळदीकुंकू, व्याख्याने आणि स्नेहभोजने यांनी त्या भरगच्च दिसतात. त्याविषयी माझी तक्रार नाही. मी स्वतः अशा एका मंडळाची जुनी सभासद आहे आणि महाराष्ट्रापासून दूर असलेल्या या शहरात मराठी बोलणे, गाणे आणि नाटक पिढ्यान्‌पिढ्या टिकले ते याच कार्यक्रमांमुळे, हे मला ठाऊक आहे. मात्र यातील जवळजवळ सर्व कार्यक्रम सभागृहात किंवा मांडवात होतात. शहरापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर, दक्षिणेला, माळव्याचे पठार संपते आणि विंध्याची कड नर्मदेच्या खोऱ्यात उतरते. पावसाळ्यात त्या कडेवरून धबधबे कोसळतात आणि पावसाळा सरला की तिथूनच दक्षिणेचे आकाश क्षितिजापर्यंत मोकळे दिसते. या दोन्ही गोष्टींसाठी मंडळांनी आपली एक छोटी भ्रमण व आकाशदर्शन समिती नेमावी, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

हे काम मंडळांनीच का करावे, हा प्रश्न साहजिक आहे. आज पाताळपाणी, तिंछा किंवा मानपूरजवळच्या शीतलामाता धबधब्यावर जी गर्दी दिसते ती बहुतांशी तरुण मुलांची असते, आणि त्यांतल्या पुष्कळांचे लक्ष पाण्यापेक्षा मोबाइलच्या कॅमेऱ्याकडे अधिक असते. आजी-आजोबा आणि शाळकरी मुले असलेली कुटुंबे आणि एकट्या राहणाऱ्या स्त्रिया मात्र तिकडे फिरकतच नाहीत. त्यांची भीती निराधार नाही. जुलै २०११मध्ये पाताळपाणीला प्रवाहाच्या मध्यभागी खडकांवर असलेले एक कुटुंब एकाएकी वाढलेल्या पाण्याने वाहून गेले, त्याचे चित्रण देशभर पाहिले गेले. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण तसेच गेले. सप्टेंबर २०२४मध्ये महूजवळच्या जाम दरवाजाच्या परिसरात रात्री बसलेल्या दोन तरुण लष्करी अधिकाऱ्यांवर आणि त्यांच्या मैत्रिणींवर जो हल्ला झाला, त्यानंतर तर अनेक घरांतून ‘त्या बाजूला नकोच’ असा निर्णय कायमचा झाला. पावसाळ्यात अनेक धबधब्यांवर प्रशासन निर्बंध लावते, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही कदाचित तेच केले असते, कारण रविवारच्या हजारोंच्या गर्दीला एका पोलीस चौकीने आवरता येत नाही. परंतु पाणी कसे ओळखावे, कुठे उभे राहावे आणि कधी परत फिरावे, हे बंदीमुळे कोणी शिकत नाही. ते जाणत्या माणसाच्या सोबतीने शिकता येते, आणि अशी सोबत देऊ शकणारी, एकमेकांना घराण्यानिशी ओळखणारी माणसे मंडळाइतकी दुसरीकडे सापडणे कठीण आहे.

धबधब्यांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडील बऱ्याच जणांच्या मनात पावसाळी भटकंतीचे चित्र सह्याद्रीचे असते आणि ते इथे तसेच लागू पडत नाही. खडक एकच आहे: सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरून तयार झालेला काळा बेसॉल्ट. पण सह्याद्रीत माणूस सहसा पायथ्याच्या गावातून धबधब्याकडे वर पाहत चालत जातो. माळव्यात याच्या उलट आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, पठाराच्या माथ्यावर वसले आहे, गाडीरस्ता सपाटीवरून थेट दरीच्या तोंडाशी पोहोचतो, आणि धबधब्याशी आपली पहिली भेट त्याच्या वरच्या काठावर होते. पाताळपाणीची उंची सुमारे ३०० फूट सांगितली जाते, आणि तिथे पोहोचणारा नवखा माणूस ती वरून खाली मोजत असतो. बेसॉल्टचे सगळे थर सारखे टणक नसतात. वरचा टणक थर टिकून राहतो आणि त्याच्या खालचा ठिसूळ थर पाण्याने झिजत आत जातो, त्यामुळे काठाचा शेवटचा भाग पुष्कळदा खालून पोकळ झालेला असतो. वरून पाहणाऱ्याला ते कळत नाही. काठापासून दहा पावले मागे राहा, असे आम्ही सोबतच्यांना सांगतो तेव्हा मुले नाराज होतात, पण या सूचनेमागे भूगर्भशास्त्र आहे आणि ते त्यांना तिथेच, समोरच्या कड्यावरचे थर बोटाने दाखवून समजावले की ती नाराजी फार वेळ टिकत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याच्या दिशेची. माळव्याचा उतार एकूण उत्तरेकडे आहे, म्हणून क्षिप्रा आणि चंबळ उत्तरेला जातात. अगदी कडेला उगम पावणाऱ्या चोरलसारख्या काही नद्याच दक्षिणेला नर्मदेकडे उड्या घेतात. जानापावच्या एकाच डोंगरापासून निघालेल्या चंबळेचे पाणी यमुना-गंगेतून बंगालच्या उपसागरात आणि चोरलचे पाणी नर्मदेतून अरबी समुद्रात पोहोचते, ही गोष्ट नकाशावर वाचण्यापेक्षा त्या डोंगरावर उभे राहून मुलांना सांगण्यात अधिक गंमत आहे. पण याच रचनेत धोकाही आहे. धबधब्याला पाणी पुरवणारे क्षेत्र आपल्या पाठीमागे, पठारावरच्या शेतांत आणि गावांत पसरलेले असते, आणि आपण पाहत असतो समोरच्या दरीकडे. आपल्या डोक्यावर ऊन असताना काही किलोमीटर मागे जोरदार सर कोसळलेली असू शकते. पावसाळा मुरल्यावर काळी माती तुडुंब भरलेली असते आणि तिच्याखालचा खडक पाणी सहज जिरवत नाही, त्यामुळे पडलेला पाऊस थेट नाल्यात येतो आणि मिनिटांच्या हिशेबाने पातळी चढते.

त्याची चिन्हे असतात, आणि ती शिकवता येतात. नितळ पाणी गढूळ होऊ लागते. वाळकी पाने, काटक्या आणि फेस वाहून येऊ लागतो. पाण्याचा आवाज जाड होतो. मघाशी कोरडा असलेला दगड ओला दिसतो. यांपैकी एकही गोष्ट दिसली की कारण शोधत न बसता प्रवाहाबाहेर, आणि ज्या काठाने परत जायचे आहे त्याच काठाला, निघून यायचे. प्रवाहाच्या मधल्या खडकावर बसून डबा उघडायचा नाही, कारण पाणी वाढले की त्या खडकाची दोन्ही बाजूंनी कोंडी होते. कोसळत्या पाण्याखालच्या डोहात उतरायचे नाही, मग पोहण्याची पदके घरी कितीही असोत: डोहाचा तळ दिसत नाही, वरून दगड आणि ओंडके येतात आणि खालचे पाणी माणसाला पुन्हा धारेखाली ओढते. शेवाळलेल्या बेसॉल्टवर नवे कोरे, महागडे बूटही घसरतात, तिथे पाय सपाट आणि पाऊल लहान टाकणे हाच उपाय. रेल्वेच्या रुळांवरून किंवा बोगद्यातून ‘जवळचा रस्ता’ धरायचा नाही. हे नियम कोणत्याही फलकावर लिहिता येतात आणि लिहिलेलेही असतात. फलक वाचून मात्र माणूस थांबत नाही, बरोबरच्या कोणीतरी दंडाला धरून मागे घेतले म्हणजे थांबतो.

मंडळाने पहिली सहल कोणती काढावी, याबद्दल माझे मत ठाम आहे. ती पाताळपाणी ते कालाकुंड या मीटरगेज हेरिटेज गाडीची असावी. डिसेंबर २०१८पासून ही गाडी घाटातल्या साडेनऊ किलोमीटरच्या जुन्या मार्गावर चालवली जाते. तिचे दिवस ऋतूनुसार बदलतात, तेवढे आधी पाहून घ्यावे. धबधबा दिसेल अशा जागी ती थांबते, गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांनाही खिडकीतून दरी पाहता येते आणि कालाकुंडला पळसाच्या पानावर मिळणारा कलाकंद सर्व वयोगटांना एकत्र आणतो. हा लोहमार्ग घालण्यासाठी महाराज तुकोजीराव होळकर (द्वितीय) यांनी ब्रिटिश सरकारला १ कोटी रुपयांचे कर्ज दिले होते. होळकरांच्या नावाने आपण एरवी बरेच कार्यक्रम करतो, त्यांतला एक त्यांच्या रेल्वेत बसूनही व्हावा. शिवाय पाताळपाणीला तंट्या मामांचे स्थान आहे. १८८९मध्ये जबलपूरला फाशी गेलेल्या या भिल्ल वीराची कथा तिथल्या गावकऱ्यांच्या तोंडून ऐकण्यासारखी असते.

दुसरी सहल जानापावची. साडेआठशे मीटरच्या वर उंची असलेल्या या डोंगरावर गाडीनेही जाता येते, त्यामुळे तरुणांनी पायवाटेने चढावे, ज्येष्ठांनी गाडीतून यावे आणि सर्वांनी वर परशुरामाच्या मंदिरापाशी एकत्र जेवावे, अशी सोय होते. तिंछासारखे धबधबे त्यानंतर, सरावलेल्या लहान गटासाठी, आणि तेही काठावरून पाहण्यापुरते.

तिथीविषयी एक सूचना आहे. श्रावणातले रविवार टाळावेत. भाविक, पर्यटक आणि बाइकस्वार यांची एकच झुंबड त्या दिवशी घाटात उडते. माझ्या मते ऑगस्टचा शेवट आणि सप्टेंबर हा काळ उत्तम, कारण तोपर्यंत नाले वाहते झालेले असतात, हिरवळ गडद असते आणि मोठ्या सरींमध्ये अंतर पडू लागते. शनिवारी पहाटे निघावे आणि दुपारी परतीला लागावे. वनविभागाला आणि जवळच्या पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवावे आणि निर्बंध असेल तर सहल निमूटपणे रद्द करावी, ओळखीच्या अधिकाऱ्याला फोन लावू नये. गावातला एक माणूस वाटाड्या म्हणून सोबत घ्यावा आणि त्याला योग्य मोबदला द्यावा. कोणत्या ओढ्याला केव्हा पाणी चढते हे त्याच्याइतके कोणालाही ठाऊक नसते.

स्त्रियांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आणि प्रत्येक आयोजक शेवटी आठवतो अशी बाब म्हणजे स्वच्छतागृह. सहलीचा मार्ग आखताना ते कुठे आहे हे पहिल्यांदा ठरवावे आणि मग धबधबा. अनेक जणी ‘मला चालवत नाही’ म्हणतात, त्यामागचे खरे कारण हे असते. कचऱ्याबद्दल मी अधिक लिहीत नाही. २०१७पासून वर्षानुवर्षे देशातील सर्वांत स्वच्छ ठरलेल्या शहरातून आपण निघतो, त्यामुळे वेफर्सची पाकिटे घरी परत आणावीत हे वेगळे सांगावे लागू नये.

आता आकाशाकडे वळते. पावसाच्या महिन्यांत माळव्यात तारे पाहण्याची आशा धरण्यात अर्थ नाही. पण पावसाळा उतरणीला लागतो तेव्हाच पहाटेच्या आकाशात दक्षिणेला अगस्त्याचा तारा पुन्हा दिसू लागतो. पंचांगात ‘अगस्त्योदय’ म्हणून त्याची नोंद असते, आणि या उदयानंतर गढूळ पाणी निवळते असे आपले पूर्वज मानत. त्यामुळे हे दोन छंद एकाच समितीकडे असावेत ही माझी सूचना सोयीखातर केलेली नाही. एकाचा ऋतू जिथे संपतो तिथे दुसऱ्याचा सुरू होतो, आणि दोन्हींसाठी जागाही तीच, घाटाची कड, उपयोगी पडते.

कडेचा फायदा असा की इंदूर, महू आणि पिथमपूर यांचा उजेड आपल्या पाठीमागे उत्तरेला राहतो आणि समोर निमाडाकडे जमीन खाली उतरलेली असल्यामुळे दक्षिणेचे क्षितिज झाडा-इमारतींनी अडत नाही. अगस्त्य हा रात्रीच्या आकाशातील दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा आहे, तरी इंदुरातल्या बहुतेकांनी तो पाहिलेला नसतो, कारण इथून तो क्षितिजापासून जास्तीत जास्त साडेचौदा अंश वर येतो आणि शहरात तेवढी उंची समोरच्या बिल्डिंगची गच्चीच खाऊन टाकते. फेब्रुवारीच्या मध्यास रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला तोंड करून उभे राहावे. हात लांब करून मूठ धरली की तिची रुंदी आकाशात साधारण दहा अंश भरते. आधी सर्वांत तेजस्वी तारा व्याध शोधावा, तो क्षितिज आणि माथा यांच्या मधोमध असतो. तिथून साडेतीन मुठी सरळ खाली आले की अगस्त्य. मेच्या मध्यास, हवेत धूळ कमी असेल तर, याच जागेवरून नऊ-साडेनऊला त्रिशंकू हा तारकासमूहही ओळखता येतो. त्याचा वरचा तारा एका मुठीएवढा आणि तळाचा तारा जेमतेम चार अंश वर असतो, त्यामुळे शहरातून त्याचा विचारही करू नये.

उत्तरेकडे ध्रुवतारा. कोणत्याही गावाचा अक्षांश जेवढा, तेवढाच तिथे ध्रुव क्षितिजापासून वर दिसतो. इंदुरात तो पावणेतेवीस अंशांच्या आसपास, म्हणजे दोन मुठी आणि थोडा वर असतो, पुण्यात साडेअठरा. सुट्टीत पुण्याला मामाकडे जाणाऱ्या मुलाला हा फरक मुठींनी मोजायला सांगितला, तर पृथ्वी गोल असल्याचा पुरावा तो स्वतःच्या हाताने गोळा करील, आणि शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीपेक्षा तो त्याच्या जास्त काळ लक्षात राहील.

आपल्या मंडळांकडे आकाशदर्शनासाठी एक ठेव आधीपासून आहे, तिचा मात्र कोणी विचार करीत नाही. अनेक ज्येष्ठ सभासदांना अश्विनी ते रेवती सत्तावीस नक्षत्रे ओळीने पाठ आहेत. ‘मृग लागला’, ‘हस्ताचा पाऊस’ हे त्यांच्या रोजच्या बोलण्यात असते. मात्र त्यांतल्या बहुतेकांनी ती नक्षत्रे आकाशात बोट दाखवून ओळखलेली नाहीत, आणि तरुणांना ॲपवर बोट ठेवून ती ओळखता येतात पण नावे परकी वाटतात. हे दोन गट एका सतरंजीवर बसवले की निम्मे काम होते. पावसाच्या नक्षत्राचे गणित तर मुद्दाम सांगण्यासारखे आहे: जूनच्या ७-८ तारखेला मृग ‘लागतो’ म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात जातो, आणि म्हणूनच नेमक्या त्या दिवसांत मृग रात्री दिसत नाही. तो पाहायचा तर डिसेंबर-जानेवारीतच, जेव्हा सूर्य आकाशाच्या दुसऱ्या बाजूला असतो.

नवशिक्यांसाठी पहिली रात्र डिसेंबर किंवा जानेवारीतल्या अमावास्येच्या जवळच्या शनिवारी ठेवावी. मृग नक्षत्र कोणालाही सहज ओळखता येते. त्याच्या मधल्या तीन ताऱ्यांची रेषा एका बाजूला वाढवली की व्याध, दुसऱ्या बाजूला रोहिणी आणि तशीच पुढे कृत्तिकांचा पुंजका. तासाभरात माणूस चार ओळखी घेऊन घरी जातो, आणि पहिल्या रात्री तेवढे पुरे. चाळीस नावे सांगणारा उत्साही वक्ता या कामी सर्वांत निरुपयोगी. नोव्हेंबरच्या मध्यास रात्री नऊला शर्मिष्ठा या तारकासमूहाच्या आधाराने देवयानी दीर्घिका, म्हणजे असंख्य ताऱ्यांची दूरची वसाहत, शोधता येते. अंधाऱ्या जागेवरून ती नुसत्या डोळ्यांना धुक्याच्या ठिपक्यासारखी दिसते, आणि तिचा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला असतो. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो, त्याला तर कोणतेच साधन लागत नाही, ब्लँकेट आणि गरम चहाचा थर्मास सोडून.

साधनांबद्दल कार्यकारिणीला सावध करणे आवश्यक वाटते, कारण असा विषय निघाला की कोणीतरी दानशूर सभासद लगेच मोठी दुर्बीण भेट देण्याची घोषणा करतो, तिचे उद्घाटन होते, छायाचित्र निघते आणि पुढे ती कार्यालयातल्या कपाटावर पडून राहते. पहिले वर्षभर दुर्बीण घेऊ नये. १० गुणिले ५० मापाचा एक चांगला बायनॉक्युलर आणि त्याला बसणारे तिपाई स्टँड एवढे पुष्कळ आहे. अंधारात पूर्ण उघडलेली डोळ्याची बाहुली जास्तीत जास्त सात मिलिमीटरची असते, तर या बायनॉक्युलरचे भिंग पन्नास मिलिमीटरचे, म्हणजे ते डोळ्याच्या सुमारे पन्नास पट प्रकाश गोळा करते. स्थिर धरला तर त्यातून गुरूचे चंद्र दिसतात, मृगातला तेजोमेघ दिसतो आणि कृत्तिकांत सहा-सातांऐवजी डझनावारी तारे दिसतात. त्याहून महत्त्वाचे साधन म्हणजे अंधार. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि मोबाइलच्या एका झगमगाटाने ती मिनिटे पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागतात. टॉर्चवर लाल जिलेटिन कागदाचे दोन पदर बांधावेत, गाड्यांचे दिवे बंद ठेवावेत, आणि हिरवा लेझर आणायचाच असेल तर तो एकट्या मार्गदर्शकाच्या हाती राहावा, मुलांच्या हाती नव्हे. तो डोळ्यांना आणि विमानांना, दोन्हींना घातक आहे.

रात्रीच्या जागेबद्दल तडजोड नको. जंगलात किंवा निर्जन पर्यटनस्थळी रात्र काढू नये. या पट्ट्यात बिबटे आहेतच, २०२३मध्ये महूच्या परिसरात वाघही फिरत होता, आणि माणसांचा अनुभव वर लिहिलाच आहे. सभासदांपैकी कोणाचे शेत किंवा फार्महाउस घाटाजवळ असेल, तिथे मालकाच्या परवानगीने, भिंतीच्या किंवा कुंपणाच्या आत, मोठ्या गटाने आणि गणती करून कार्यक्रम करावा. आकाश तेवढेच दिसते.

एक छोटी दुरुस्ती कोजागिरीच्या कार्यक्रमातही सुचवते. त्या रात्री आपण गच्चीवर दूध आटवतो, गाणी म्हणतो आणि चंद्राला दूध दाखवतो. ते सर्व असू द्यावे. पण पौर्णिमेच्या चंद्रावर सूर्यप्रकाश समोरून पडत असल्यामुळे सावल्या नसतात आणि विवरे सपाट दिसतात. त्याआधीच्या शुक्ल अष्टमीला त्याच गच्चीवर अर्धा तास बायनॉक्युलर लावला, तर उजेड आणि अंधाराच्या सीमारेषेवरची विवरे आणि डोंगर ठसठशीत दिसतील. शहराच्या मध्यभागी, भर उजेडात करता येण्याजोगा हाच एक आकाशाचा कार्यक्रम आहे, म्हणून ज्यांना घाटापर्यंत येणे शक्य नाही त्यांच्यासाठी तो जरूर व्हावा.

दिवसाच्या सहलीसाठी उज्जैन जवळ आहे. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात बांधलेली तिथली वेधशाळा पुढे पडीक झाली होती, ती १९२३मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांच्या कारकिर्दीत दुरुस्त झाली आणि तिची यंत्रे आजही वापरात आहेत. उज्जैन कर्कवृत्ताच्या अगदी जवळ असल्यामुळे २१ जूनच्या दुपारी शंकुयंत्राची, म्हणजे उभ्या काठीची, सावली जवळजवळ नाहीशी होते, आकाश ढगाळ नसेल तर. महिदपूरजवळच्या, कर्कवृत्तावरच्या डोंगला या गावाचे खगोलीय महत्त्व दाखवून दिले ते नीमचला जन्मलेल्या डॉ. विष्णु श्रीधर वाकणकरांनी, ज्यांनी १९५७मध्ये भीमबेटकाची चित्रे जगापुढे आणली. माळव्यातल्या मराठी माणसाने उघड्यावर हिंडून काय केले, याचे उदाहरण त्यांच्याहून जवळचे नाही.

‘हे मंडळाचे काम नव्हे’ असा आक्षेप येईल, त्याचे उत्तर पुण्यात आहे. तिथे ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४पासून हौशी लोकांच्या बळावर आकाशदर्शनाचे काम करीत आली आहे, आणि तिची सुरुवातही काही मोठ्या वेधशाळेने झाली नव्हती. भाषेचा मुद्दा काढणाऱ्यांना मी एवढेच म्हणेन की ज्या मुलांना आपण तीन अंकी नाटकाला ओढून नेतो आणि जी दुसऱ्या अंकात मोबाइल काढतात, तीच मुले सहलीच्या गाडीत आणि सतरंजीवर तासन्‌तास आजीशी मराठीत बोलत असतात.

पैशांचा प्रश्न किरकोळ आहे. बसचे भाडे सहभागींनी वाटून घ्यावे, बायनॉक्युलर मंडळाने घ्यावा, प्रथमोपचाराची पेटी आणि सभासदांतला एक डॉक्टर सोबत असावा. प्रत्येक सहभागीचा रक्तगट, औषधे आणि घरचा फोन क्रमांक आधी लिहून घ्यावा. एका सहलीला पंचविसांपेक्षा अधिक माणसे नकोत. मंडळाची परंपरा मोठी उपस्थिती अभिमानाने सांगण्याची असली, तरी काठावर उभ्या असलेल्या शंभर जणांकडे दोन स्वयंसेवकांना लक्ष देता येत नाही, आणि जागा भरली की नाव घेणे बंद करण्याचा वाईटपणा सचिवांनी पत्करावा लागेल.

तरी माझी विनंती अशी: येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय स्वतंत्रपणे घ्यावा. प्रत्येक मंडळाने दोन स्वयंसेवकांची नावे द्यावीत, त्यांतील एक स्त्री असावी. सर्व मंडळांची मिळून एकच समिती असावी, म्हणजे तारखा एकमेकांवर येणार नाहीत आणि एकाच बायनॉक्युलरवर सर्वांचे भागेल. स्वयंसेवकांना पावसाळ्यापूर्वी प्रथमोपचार आणि कृत्रिम श्वसनाचे प्रशिक्षण द्यावे, आणि पावसाळा सुरू होण्याआधीच, कोरड्या दिवसांत, त्यांनी सहलीच्या जागा एकदा स्वतः पाहून याव्यात. ओढ्याची कोरडी वाट पाहिलेली असली की पाणी कुठून आणि कसे येईल हे नंतर कळते. पहिल्या सहलीच्या आणि पहिल्या आकाशदर्शनाच्या नियोजनाचे टिपण तयार करून देण्याची जबाबदारी मी स्वतः घेते आणि सभेत प्रश्नांना उत्तरे देण्यास उपस्थित राहीन.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक सभासद
इंदूर